काकू, तेव्हा काही ताण होता का?

परवा डोंबिवलीला ताईकडे गेले होते. चहा उकळत होता तेवढ्यात बेल वाजली. दारात पाठीला सॅक लावलेली, हातात कागदांचा गठ्ठा घेतलेली एक चुणचुणीत मुलगी. मानसशास्त्रात एम.ए. करते आहे, विशेष मुलांच्या आयांवर तिचा प्रकल्प आहे. ताईला तिने आधी फोन करून विचारलं होतं. ताईचा मुलगा बाबू ४५ वर्षांचा आहे. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. त्यामुळे असे फॉर्म ताईला नवे नाहीत.

नाव, वय, शिक्षण, घरात माणसं किती, असं सगळं होत होत गाडी एका प्रश्नावर आली. "काकू, बाबूच्या वेळी, म्हणजे गरोदरपणात, काही मोठा ताण किंवा मानसिक धक्का बसला होता का?"

ताई क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "हो. ऐंशी सालचं ते मोठं ग्रहण. मला पाचवा लागला होता. सगळे नको नको म्हणत असताना मी कोथिंबीर चिरली."

मुलीने लिहून घेतलं. मी मात्र चहाचा कप हातात धरून बघतच राहिले. कारण याच प्रश्नाची ताईची आणखी तीन उत्तरं मी ऐकलेली आहेत.

पहिलं उत्तर १९८० चं. बाबू दीड-दोन महिन्यांचा होता. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांनी विचारलं होतं. शेजारी भाऊजी उभे, बाकावर सासूबाई बसलेल्या. ताई म्हणाली, "काही नाही हो, सगळं छान होतं." दुसरं उत्तर बाबूला शाळेत घालताना, १९८७ मध्ये. तेव्हा फॉर्मवर लिहिलं, 'पाचव्या महिन्यात जिन्यावरून पाय घसरला होता.' तिसरं उत्तर सासूबाई गेल्यानंतरचं. "फार खटके उडायचे गं आमचे. रात्र रात्र रडायचे मी." आणि आता हे चौथं.

माझी ताई खोटं बोलणारी बाई नाही. चारही वेळा तिने मनापासून सांगितलं. मग खरं कुठलं?

योगायोगाने माझ्याकडे एक साक्षीदार आहे. आमची आई साताऱ्याला असायची आणि आलेलं प्रत्येक पत्र तारेला टोचून ठेवायची. आई गेल्यावर तो पत्रांचा गठ्ठा माझ्याकडे आला. ताईची त्या महिन्यांतली सात आंतरदेशीय पत्रं त्यात आहेत. घरी आल्यावर मी ती काढून बसले.

ग्रहण होतं १६ फेब्रुवारी १९८० ला. त्यानंतर दोनच दिवसांनी लिहिलेल्या पत्रात ताई म्हणते की ग्रहणामुळे दुपारभर सगळे घरात कोंडून होते आणि ती चक्क झोपून गेली. कोथिंबिरीचा उल्लेख नाही. पाय घसरला होता, हे अगदी खरं. पण तो साताऱ्याच्या आमच्याच घरात, १९७८ च्या दिवाळीत. हळद-चुना मीच लावला होता. तेव्हा ताईला दिवसही गेलेले नव्हते. सासूबाईंच्या कुरबुरी पत्रात आहेत, पण अगदी चवीपुरत्या.

आणि जानेवारीच्या पत्रात एक गोष्ट आहे, जी चारही उत्तरांत कुठेच नाही. भाऊजींच्या कारखान्यात टाळेबंदी झाली होती. तीन महिने पगार नव्हता. ताईने लग्नातल्या पाटल्या गहाण टाकल्या होत्या. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, 'कुणाला सांगू नकोस.'

मी फोन करून वाचून दाखवलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग ताई म्हणाली, "अगं, खरंच की! पण त्यात काय सांगायचं? तेव्हा सगळ्यांचंच तसं होतं."

(हे सगळं तिची परवानगी घेऊनच लिहिते आहे.)

तिच्या या एका वाक्याने मला त्या फॉर्मच्या मागे लावलं. माणसं आपल्या आयुष्यातल्या ताणाच्या घटना सांगतात, त्यावर संशोधनं उभी राहतात, औषधोपचार आणि सरकारी योजना ठरतात. मग हे सांगणं कितपत भरवशाचं असतं? वाचत गेले तेव्हा कळलं, की ताईची गोष्ट संशोधकांच्या दुनियेत फार जुनी आहे. अगदी हीच.

१९५८ मध्ये डी. एच. स्टॉट नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने एक अभ्यास छापला. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या आयांना त्यांनी गरोदरपणाबद्दल विचारलं होतं. या आयांनी मानसिक धक्क्यांच्या घटना इतर आयांपेक्षा जास्त सांगितल्या. निष्कर्ष सरळ दिसत होता. आईला धक्का बसला की असं मूल होण्याचा संभव वाढतो.

पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, पॅरिसमधून बातमी आली. या मुलांच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं असतात. ही जास्तीची भर बहुतेक वेळा बीजपेशी तयार होतानाच पडते, म्हणजे गर्भ राहण्याच्याही आधी. मग पाचव्या महिन्यातलं ग्रहण असो, जिना असो की सासू, त्यांचा संबंध येतोच कुठे? (या शोधाचं श्रेय वर्षानुवर्षं एकट्या जेरोम लेजन यांना मिळालं. पेशी वाढवून त्या तपासण्याजोग्या करण्याचं काम मार्त गोतिए या बाईंनी केलं होतं. त्यांच्या वाट्याची दखल घ्यायला फ्रान्सला २०१४ साल उजाडलं. सांगायचं कुणी आणि नोंदवायचं कुणी, हा प्रश्न प्रयोगशाळेतही असतो.)

मग त्या ब्रिटिश आयांनी जास्त धक्के का सांगितले? ज्या आईचं मूल निरोगी असतं, ती गरोदरपण आठवताना डोहाळे आठवते आणि पुढे जाते. जिच्या मुलाला काही झालेलं असतं, ती एकेक दिवस चाळून बघते. कुठे चुकलं? काय झालं होतं? मी काय केलं? जे सापडेल ते हातात घेते. संशोधक याला 'अर्थ लावण्याची धडपड' म्हणतात. मी याला आईचं मन म्हणेन. ४५ वर्षं माझी ताई एका कोथिंबिरीच्या जुडीचं ओझं वाहते आहे, आणि ती जुडी तिने चिरली होती की नाही, हेही पक्कं नाही.

तुम्ही म्हणाल, डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले होते 'जेनेटिक'. घरात त्याचं भाषांतर झालं, 'हिच्या माहेरच्या रक्तातलं'. बहुतेक मुलांमध्ये हा दोष घराण्यातून आलेला नसतो, हे कुणी फोड करून सांगितलं नाही. त्यापेक्षा ग्रहण परवडलं. निदान त्यात माहेरचं नाव येत नव्हतं.

आता त्या यादीबद्दल. ती मुलगी जाताना मलाही एक फॉर्म देऊन गेली. गेल्या वर्षभरात यातलं काय काय घडलं, त्यावर टिक करा. अशा याद्यांची मूळ आजी अमेरिकेतली. थॉमस होम्स आणि रिचर्ड राही यांनी १९६७ मध्ये ४३ घटनांची यादी केली आणि प्रत्येकीला गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, लग्न ५० आणि नाताळ १२. हसू आलं ना? पण दिवाळीचा फराळ, पाहुणे आणि साफसफाई एकटीने काढणाऱ्या बाईला १२ गुण कमीच वाटतील. आपल्याकडे गुरमीत सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये भारतीय यादी तयार केली. त्यात हुंड्यावरून वाद, मूल नसणं, मुलगा नसणं अशा आपल्या घरातल्या गोष्टी आल्या.

मी टिक करायला बसले. तीन टिका झाल्या. वा, म्हटलं, बरं गेलं की वर्ष! मग सहज दारामागचं गेल्या वर्षीचं कालनिर्णय काढलं. दुधाचे खाडे, गॅसचा नंबर, आणि मधे मधे माझ्याच अक्षरातल्या नोंदी. धाकट्या दिरांचा अपघात झाला होता, दोन आठवडे दवाखान्यात डबा नेला होता. गावच्या जमिनीवरून भावांत वाजलं होतं. मला स्वतःला गाठ लागली होती, चार दिवस रिपोर्टची वाट बघत जीव मुठीत धरून होते. रिपोर्ट चांगला आला आणि ते चार दिवस डोक्यातून पुसले गेले. मोजले तर सात झाले. तिनाचे सात! तेही फक्त वर्षभरातले, आणि मला खोटं बोलायचं काही कारण नसताना.

शिवाय 'घरातील व्यक्तीचे आजारपण' म्हणजे नक्की काय? ह्यांच्या मोतीबिंदूवर मी टिक केली नाही. शेजारच्या वहिनींनी नातवाच्या तापावरही केली असती. कागदावर दोन्ही टिका सारख्याच दिसतात.

ही अडचण ओळखून ज्यांनी रीतच बदलली, ते लंडनचे जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस. दक्षिण लंडनमधल्या कँबरवेल भागातल्या बायकांच्या नैराश्यावरचं त्यांचं पुस्तक १९७८ मध्ये आलं. त्यांनी टिका मारायला लावल्या नाहीत. मुलाखत घेणारा बसून सविस्तर विचारायचा. काय झालं, कधी झालं, तेव्हा घरात कोण होतं, पैशांचं काय, मदतीला कोण आलं. मग ही हकिगत एका गटापुढे मांडली जायची. बाईला त्याचं किती वाईट वाटलं आणि ती पुढे आजारी पडली की नाही, हे मात्र त्या गटाला सांगायचं नाही. अशा परिस्थितीत असलेल्या कुठल्याही बाईला ही घटना किती जड गेली असती, एवढंच त्यांनी ठरवायचं. म्हणजे नंतरच्या दुःखाचा रंग आधीच्या घटनेवर चढायला नको. हे काम वेळखाऊ आणि खर्चिक आहे, म्हणून आजही टिकांची यादीच जास्त चालते.

तारखांसाठी दुसरी एक युक्ती आहे, आणि ती आपल्या आज्यांना केव्हाची ठाऊक होती. 'कधी झालं?' असं विचारलं तर आजी गोंधळायची. 'पानशेतच्या आधी की नंतर?' म्हटलं की पटकन सांगायची. पानशेत फुटलं १९६१ ला, कोयनेचा भूकंप १९६७ चा, मोठा दुष्काळ बहात्तरचा, किल्लारी १९९३ चं, मुंबईतला पाऊस २६ जुलै २००५ चा. संशोधकही आता अशा खुंट्या मांडून, वर्षावर्षाचा तक्ता समोर ठेवून विचारतात. ताईला 'दिवाळीच्या आधी की नंतर' असं विचारलं असतं, तर जिना कदाचित पाचव्या महिन्यात आला नसता.

इथवर वाचून कुणीतरी म्हणेल, "बघा, बायका मागाहून काहीही सांगतात!" थांबा. हा निष्कर्ष फार सोयीचा आहे आणि म्हणूनच तो काढायचा नाही. कोर्टात, पोलीस ठाण्यात, बैठकीच्या खोलीत हेच वाक्य बाईच्या तोंडावर फेकलं जातं. पुरावा बघितला तर बायका न घडलेलं सांगतात याहून घडलेलं गिळतात, हेच जास्त दिसतं.

अमेरिकेत लिंडा विल्यम्स यांनी १९९४ मध्ये एक अभ्यास छापला. लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याची रुग्णालयात नोंद असलेल्या १२९ स्त्रियांना सुमारे १७ वर्षांनी भेटून विचारलं. नोंदवलेली ती घटना त्यांच्यापैकी ३८ टक्के जणींनी सांगितलीच नाही. काही विसरल्या असतील, काहींना सांगायचं नसेल. नोंद मात्र कागदावर होती. २०१९ मध्ये बाल्डविन आणि सहकाऱ्यांनी अशा १६ अभ्यासांची एकत्र तपासणी केली, त्यात २५ हजारांवर माणसं होती. लहानपणी छळ झाल्याची नोंद असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी मोठेपणी तो सांगितला नाही. मोठेपणी सांगणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांची लहानपणची नोंद सापडली नाही. पण ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही, असं कोण म्हणेल? आपल्या किती घरांतल्या किती गोष्टींची नोंद कुठे आहे? ताईच्या पाटल्यांची नोंद आईच्या तारेवर होती, म्हणून.

मग विश्वास ठेवायचा कशावर? मला वाटतं, उत्तराकडे बोट दाखवण्याआधी प्रश्नाकडे बघावं. कुणी विचारलं, कुठे विचारलं, शेजारी कोण बसलं होतं, आणि विचारताना 'तुझं काय चुकलं' हा सूर होता का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम आपल्या मुंबईतल्या देवनारच्या संस्थेकडून चालतं. त्यात घरगुती हिंसेचे प्रश्न विचारताना घरातली एकच स्त्री निवडतात आणि तिला एकटीला विचारतात. आडोसा मिळाला नाही तर तो भाग विचारायचाच नाही, असा नियम आहे. आणि 'तुमच्यावर हिंसा होते का' असं पुस्तकी विचारत नाहीत. थोबाडीत मारली का, हात पिरगळला किंवा केस ओढले का, ढकललं का, लाथ मारली का, असं एकेक विचारतात. कारण 'हिंसा' म्हटलं की आपली बाई म्हणते, "छे हो, तसं काही नाही." 'थोबाडीत' म्हटलं की गप्प होते, मग सांगते. असं विचारल्यावर २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत विवाहित किंवा कधीकाळी विवाहित असलेल्या १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागितलेल्या मात्र फक्त १४ टक्क्यांच्या आसपास. हा आकडाही आडोसा देऊन विचारला तेव्हा मिळाला. सासूबाई बाकावर बसलेल्या असताना विचारलं असतं तर किती आला असता, याचा विचार करून बघा.

ताईच्या पहिल्या उत्तराकडे मी आता वेगळ्या नजरेने बघते. भाऊजी शेजारी उभे असताना ती टाळेबंदीचं काय सांगणार होती? पाटल्यांचं सासूबाईंसमोर काय बोलणार होती? त्या 'सगळं छान होतं'मध्ये तिने दोघांचीही अब्रू राखली होती. डॉक्टरांनी ते उत्तर केसपेपरवर लिहून घेतलं आणि पुढचा पेशंट बोलावला.

म्हणून संशोधन करणाऱ्या मुलामुलींना, डॉक्टरांना आणि मुळात आपल्यालाच माझं सांगणं आहे. बाईला विचारायचं असेल तर एकटीला विचारा, निवांत विचारा, लहान लहान प्रश्न विचारा. जुनी पत्रं, कालनिर्णय, गॅसची पावती, काय असेल ते समोर घ्या. आणि मुलाच्या व्यंगाचं, गर्भपाताचं, आजाराचं कारण तिच्या आठवणीतून उकरू नका. घटना विचारा, कारण विचारू नका. कारण शोधणं हे प्रयोगशाळेचं काम आहे. आईला विचारलंत की ती स्वतःचंच नाव सांगते.

त्या मुलीला मी फोन करून ही सगळी कथा सांगितली. शहाणी पोर. म्हणाली, "मावशी, मी काकूंना परत एकदा भेटते. या वेळी पत्रं घेऊन तुम्हीही या." आम्ही तिघी बसलो. भाऊजी बाबूला घेऊन बागेत गेले होते. महिन्यामहिन्याने विचारत विचारत दीड तास गेला. मग तिने ४७ गुणसूत्रांचं चित्र काढून ताईला दाखवलं. ताईने ते चष्मा लावून दोनदा पाहिलं आणि म्हणाली, "मग ते ग्रहणाचं खोड बाई आता."

मुलीने ते खोडलं नाही. बाजूला नवीन कागद लावला. बरोबर केलं. ४५ वर्षं ताईने ते मानलं, हीदेखील एक घटनाच आहे.

हा लेख लिहू का, असं विचारलं तेव्हा ताईने एकच अट घातली. "पाटल्या गहाण टाकल्या ते लिहितेस ना, मग सोडवून आणल्या तेही लिही. ब्याऐंशीच्या दिवाळीला."

लिहिलं. साल ताईच्या आठवणीतलं आहे, सावकाराची पावती मी पाहिलेली नाही.